पळाटीचं झाड, कापसाचा बर्फ

डिसेंबरात आमच्या पिंपळगाव रेणुकाईतलं अंगण कुणी सजवायला घेत नाही. दिवाळी उरकलेली असते, तुळशीचं लग्न लागलेलं असतं. पावसाळ्यात ज्या मिरचीच्या बाजारामुळे गावाचं नाव लांबवर पोचतं, त्याची धावपळही ओसरलेली असते. घरात कापसाचे ढीग, शेतात शेंगांनी लवलेली तूर, निसवायला आलेली ज्वारी. अंगणात जे काही पडलेलं असतं ते कामाचं असतं, शोभेचं नाही. कडब्याच्या पेंढ्या, तुराट्या, उपटून आणलेली पळाटी, एखादं उलटं घमेलं.

नाताळसाठी सजवलेलं अंगण मी पहिल्यांदा पाहिलं ते जालन्याला, कॉलेजात असताना. भोकरदन, राजूर करत एसटी जालन्याला पोचायची आणि सुट्टीच्या दिवशी मैत्रीण मला हक्कानं घरी न्यायची. तिच्या आईला मी मावशी म्हणायचे. माझी कल्पना सिनेमातल्या नाताळची होती. लाल टोपी, लांब दाढी, चकचकीत हिरवं झाड. मावशींच्या अंगणात पाऊल टाकलं तर तिथं आमच्याच घरचा पसारा नीट मांडून ठेवलेला.

झाड होतं, पण पळाटीचं. चांगली डेरेदार निवडून रांजणाच्या फुटक्या बुडात मातीनं घट्ट बसवलेली. तिच्या फांद्यांवरची काही बोंडं मावशींनी मुद्दाम वेचायची ठेवली होती. उमललेल्या बोंडातून कापूस बाहेर लोंबत होता, आणि मैत्रिणीच्या धाकट्या भावाच्या मते तोच बर्फ. जालना जिल्ह्यात बर्फ पडायचा तर असाच पडणार. शिवाय हा बर्फ घरचाच म्हणायला हवा. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको कंपनी सुरू केली ती जालन्यात, आणि 2002 मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली तेव्हा त्या बियाण्यामागे हीच कंपनी होती. त्या बियाण्यानं शेतकऱ्याचं भलं झालं की नुकसान, हा वाद आमच्याकडे पारावर अजून मिटलेला नाही. नाताळच्या झाडाला मात्र ते उपयोगी पडलं.

चांदणी काका करत. बांबूच्या कामट्या तासून सारख्या लांबीच्या घ्यायच्या. पाच कामट्या एकमेकींत अडकवून एक चांदणी, तशीच दुसरी. दोन्ही एकावर एक ठेवून पाचही टोकं सुतळीनं आवळायची आणि आतल्या पाच सांध्यांत वितीएवढ्या काड्या उभ्या सारायच्या. मग चांदणी फुगते, पोट धरते. त्यावर पतंगी कागद, मैद्याच्या खळीनं चिकटवलेला. खळीचा वास आला की शेजारची शेळी कुंपणाशी हजर, म्हणून चिकटवण्याचं काम दार लावून चाले. आत बल्बचा होल्डर. दिवाळीला आकाशकंदील करणारे आणि नाताळला चांदणी करणारे हात एकाच तालमीतले असतात, हे काका गाठ मारताना कळायचं. फराळाचंही तेच. करंज्या, शंकरपाळे, चकल्या. मावशींच्या डब्यात आणि माझ्या आईच्या डब्यात फरक शोधायचा तर केकचा शोधावा लागे, आणि तो बेकरीतून आणलेला असायचा.

मला सगळ्यांत जवळचं वाटलं ते गव्हाचं शेत. नाताळच्या आधी दहा-बारा दिवस मावशी एका पसरट टोपलीत काळी माती घालून गहू पेरत. चोवीस तारखेपर्यंत त्याचं दाट कुरण तयार. गोठ्याच्या देखाव्यापुढे ती टोपली ठेवायची, म्हणजे मेंढरांना चरायला रान झालं. गोव्यात आणि कोकणपट्टीवर हेच काम नाचणी पेरून करतात. रेणुकाईच्या गावातल्या मुलीला यात नवीन काय? नवरात्रात घट बसतो तेव्हा आमच्या घरोघरी काळ्या मातीत धान्य उगवतंच. फरक एकच दिसला. आमचे घटाचे अंकुर पिवळे, कारण ते देवघराच्या अंधारात वाढतात. मावशींचे हिरवेगार, कारण टोपली अंगणात उन्हाला असते. मी म्हणाले, मावशी, पाणी शिंपडून घाला, ओतू नका, नाहीतर मुळ्या कुजतात. त्या हसून म्हणाल्या, घटाचं पाणी तुझ्याकडे, माझं गोठ्याचं बघते.

गोठा तुराट्यांचा, वर कडब्याची शाकारणी. आतली मंडळी एका मापाची नव्हती. मरिया आणि योसेफ कुठल्या तरी जुन्या संचातले. मेंढरं कापसाची, पायाला आगकाड्या. बैल पोळ्याचे मातीचे, शिंगांना अजून हिंगूळ लागलेला आणि बाळापेक्षा चांगले तिप्पट मोठे. गाढव मिळालं नाही म्हणून एक प्लॅस्टिकचा घोडा. पूर्वेचे ज्ञानी लोक उंटावरून यायचे ते भाच्याच्या चाबीच्या मोटारीमागे उभे. हे सगळं इतकं गंभीरपणे मांडलेलं असे की हसू आलं तरी कुणी हसत नसे.

या अंगणामागे जालन्याचा एक जुना इतिहास आहे, तो मला पुस्तकातून नंतर कळला. नारायण शेषाद्री हे देशस्थ ब्राह्मण, मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि 1843 साली ख्रिस्ती झाले. मराठी वाचकाला हे आडनाव माहीत असलंच तर बहुधा त्यांच्या धाकट्या भावामुळे, कारण श्रीपत शेषाद्रीला पुन्हा हिंदू समाजात घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि मुंबईत मोठं वादळ झालं. थोरले नारायण मात्र पुढे जालन्याला आले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी शहराजवळ बेथेल नावाची वस्ती उभारली. तिथं येणारी माणसं बहुतांश मातंग समाजातली होती.

ही गोष्ट अंगणाच्या सजावटीशी संबंध नसल्यासारखी वाटेल, पण आहे. बलुतेदारीत मातंगांकडे दोर वळणं, केरसुण्या बांधणं आणि सणावाराला घरोघरच्या दारांना आंब्याची तोरणं लावणं ही कामं होती. म्हणजे गावाचं अंगण ज्या केरसुणीनं झाडलं जाई ती त्यांची, दारावरचं तोरण त्यांच्या हातचं, आणि त्या दाराच्या आत मात्र त्यांना जागा नाही. मैत्रिणीची आजी एकदा अंगणात डहाळ्या निवडत बसली होती. म्हणाली, माझ्या सासूच्या सासूनं गावभर तोरणं बांधली, आपल्या दाराला बांधायला वेळ राहायचा नाही. एवढं बोलून ती पुन्हा पानं ओवू लागली. मावशींच्या दारावर नाताळला कागदी पताका असतात, चांदणी असते, पण आंब्याचं तोरण चुकत नाही. परक्या धर्मात जाऊन यांनी आपल्या चालीरीती टाकल्या असं म्हणणाऱ्यांनी ते तोरण एकदा पाहावं. टाकलं ते दुसऱ्याच्या दाराशी उभं राहणं. तोरण त्यांनी ठेवलं.

आणि चालीरीती मराठीच राहिल्या त्या नुसत्या तोरणात नाहीत. रेव्हरंड ना. वा. टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी येशूची कथा टाळ-मृदंगासह कीर्तनात आणली. त्याच्या किती तरी आधी, 1616 मध्ये, फादर स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात ओवीत छापलं गेलं होतं. पंचवीस तारखेच्या आदल्या रात्री मावशींच्या अंगणात भजनी मंडळी येत तेव्हा पेटी, ढोलकी, टाळ हाच साज असे. गाणी झाली की चहा, करंजी, आणि मंडळी पुढच्या अंगणात.

मला वाटतं, नाताळची मूळ कथा समजायला आमच्या भागातल्या माणसाला फार कष्ट पडू नयेत. लूकच्या शुभवर्तमानात उतरायला जागा मिळत नाही, बाळाला गव्हाणीत ठेवतात, आणि बातमी पहिल्यांदा कळते ती रात्री रानात कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. भोकरदन तालुक्यात सुगी हलली की धनगरांचे कळप रानात उतरतात. खतासाठी शेतात मेंढ्या बसवायच्या आणि थंडीत शेकोटीशेजारी रात्र जागून काढायची. गव्हाण तर दारातच. 1223 साली इटलीतल्या ग्रेचो गावात संत फ्रान्सिस यांनी नाताळच्या रात्री खरी गव्हाण, खरा चारा, खरा बैल आणि खरं गाढव आणून देखावा उभा केला, तेव्हापासून जगभर गोठे मांडायची प्रथा फोफावली. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये त्यासाठी गोठा उभारावा लागतो. आमच्याकडे शेण काढून जागा झाडली की झालं.

म्हणूनच अलीकडे बाजारात जे दिसतं त्याचा मला राग येतो. छत्री मिटावी तसं मिटणारं प्लॅस्टिकचं झाड. त्यावर भुरभुरायला थर्मोकोलचे दाणे, पाकिटावर ‘स्नो’ लिहिलेलं. राज्य सरकारनं मार्च 2018 मध्ये सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी घातली. तरी ते दाणे अंगणातून नालीत आणि नालीतून शेतात जातातच. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात खोटा कापूस विकत घ्यायचा, यापलीकडे काय म्हणावं! हे नाताळपुरतं नाही. गौरी-गणपतीच्या मखराचं आणि दिवाळीच्या किल्ल्याचंही तेच झालंय. दिव्यांच्या माळांबद्दल माझी तक्रार नाही. 1882 मध्ये न्यूयॉर्कला एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी झाडाला विजेचे दिवे पहिल्यांदा लावले, ती हौस आता शे-दीडशे रुपयांत आपल्या अंगणात येते, चांगलंच आहे. लाईट गेली की माळ विझते, तेवढ्यापुरती पणती तयार ठेवावी.

तुमच्या घरी नाताळ असो की नुसतीच हौस असो, यंदा बर्फ विकत आणू नका. वेचणीनंतर शेतात मागे राहिलेली चार बोंडांची पळाटी पुरते. टोपलीत गहू बारा-तेरा डिसेंबरला पेरा, थंडी जास्त असेल तर दोन दिवस आधी. आणि सहा जानेवारीला सजावट उतरवल्यावर ती पळाटी अंगणात किंवा बांधावर रचून ठेवू नका. तिच्या सुक्या बोंडांत शेंदरी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या हंगामात शेतात उतरते. सरळ चुलीत घाला, नाहीतर कुट्टी करून खताच्या खड्ड्यात टाका.