केसपेपरवर न येणारे काम

खनिज धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसविकारांचा विषय निघाला की सहसा खाणी आणि खडी क्रशर डोळ्यांसमोर येतात. परंतु शहरातील स्वयंपाकघरांचे ओटे कापून, घासून, बसवून देणाऱ्या छोट्या कार्यशाळांतही हा धोका असतो, आणि अशाच एका कार्यशाळेत काही वर्षे हिशेबनीस म्हणून काम केल्यामुळे प्रस्तुत लेखकाला तो जवळून पाहता आला. महाराष्ट्राचा बराच भाग व्यापणाऱ्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, मुक्त स्फटिकी सिलिका अत्यल्प असते. याउलट खऱ्या ग्रॅनाइटमध्ये ती क्वार्ट्झच्या रूपाने २० टक्क्यांहून अधिक, तर क्वार्ट्झची भुकटी रेझिनमध्ये घट्ट बसवून केलेल्या कृत्रिम दगडात ९० टक्क्यांच्याही वर असू शकते. त्यामुळे धुरळा सारखाच दिसला तरी तो कोणत्या दगडाचा, यावर धोका ठरतो.

कार्यशाळेत दगड पाण्याची धार सोडून कापला जाई, त्यामुळे बरीचशी भुकटी चिखल होऊन खाली बसे. मात्र ग्राहकाच्या घरी ओटा बसवताना सिंकसाठी किंवा शेगडीसाठी भोक पाडायचे असले, की नवे फर्निचर भिजू नये म्हणून कटर कोरडाच चालवला जाई. कारागिराच्या पापण्या आणि मिशा पांढऱ्या होत, तोंडाला फक्त गमछा असे, आणि काम संपल्यावर तोच गमछा झटकून घाम पुसला जाई. अंगावर बसलेली ही भुकटी तुलनेने जाड असते; खरी घातक धूळ म्हणजे साधारण चार मायक्रॉनपेक्षा लहान कण, जे डोळ्यांना दिसत नाहीत, तासन् तास हवेत तरंगतात, गमछ्याच्या विणीतून सहज पार होतात आणि थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथे भक्षक पेशी हे कण गिळतात, पण ते पचवू न शकल्याने स्वतःच मरतात. त्यातून दाह धुमसत राहतो आणि फुप्फुसात व्रणासारखी कठीण ऊती साचत जाते. याच विकाराला सिलिकोसिस म्हणतात. त्याने क्षयरोगाचा धोका वाढतो, आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कामाच्या ठिकाणी श्वासावाटे जाणारी स्फटिकी सिलिका १९९७ मध्ये मानवात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली.

कार्यशाळेतील एका जुन्या कारागिराला धाप लागू लागली तेव्हा लेखक त्याच्याबरोबर रुग्णालयात गेला होता. केसपेपरवर व्यवसायापुढे ‘मजुरी’ एवढेच लिहिले गेले आणि विडीची नोंद मात्र तपशीलवार झाली. आधी क्षयाचे औषध चालले, पुढे कर्करोगाचे निदान झाले, आणि कारण म्हणून विडीच सांगितली गेली. विडीचा दोष खराच होता. परंतु सिलिकेचा धोका विडी न ओढणाऱ्यालाही असतो आणि दोन्ही एकत्र आल्यास तो आणखी वाढतो, हे लक्षात घेतले तर अर्धेच कारण नोंदले गेले असे म्हणावे लागते.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने सिलिकोसिस हा सरकारला कळवणे बंधनकारक असलेला रोग ठरवला होता, परंतु ठेकेदाराच्या हाताखालचे चार-सहा कारागीर कारखान्याच्या व्याख्येतच बसत नाहीत. शिवाय हे रोग वर्षानुवर्षांनी उघड होतात. तोपर्यंत कारागिराने अनेक मालक बदललेले असतात. ॲस्बेस्टॉसच्या प्रकरणात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कामगाराची आरोग्यनोंद किमान ४० वर्षे जपण्याचा आदेश दिला, तो याच विलंबाची दखल घेऊन. ओट्याच्या धंद्यात अशी आरोग्यनोंद नव्हती. पण कोणी किती वर्षे कटर चालवला, कोणता दगड कापला आणि किती कामे साइटवर जाऊन केली, हे हजेरीवहीत आणि बिलांत ओळीने लिहिलेले होते. ती कागदपत्रे दर काही वर्षांनी रद्दीत गेली, आणि ती असताना कोणत्याही डॉक्टरने किंवा निरीक्षकाने मागितली नाहीत. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२४ पासून कृत्रिम दगडावर बंदी घातली. भारतात निदान ओले कटिंग, कणरोधक मुखपट्टी आणि केसपेपरवर कामाचा स्पष्ट उल्लेख, एवढ्या गोष्टी तरी अशा बंदीआधीही करता येण्याजोग्या आहेत.