रविवारची वही

हुबळी आणि धारवाड ही दोन गावे १९६२ साली एका महापालिकेखाली आली. परंतु साठाहून अधिक वर्षे एका कागदावर नांदूनही दोघांचा स्वभाव काही एक झाला नाही. हुबळी काळ्या मातीची, कापसाच्या व्यापाराची, रेल्वेच्या शिट्ट्यांची. धारवाड तांबड्या मातीचे आणि मलनाडाच्या उंबरठ्यावर बसलेले. मध्ये अंतर जेमतेम वीस-बावीस किलोमीटरांचे. पण आषाढात हुबळीला नुसतेच ढग असावेत आणि पेरूंचे नवलूर मागे पडले की बसच्या काचेवर थेंब दिसू लागावेत, असे कितीदा तरी होते.

आम्ही हुबळीकर. स्वयंपाकघरात मराठी, उंबऱ्याबाहेर कानडी, अशी आमची चौथी पिढी. शाळेतून निवृत्त झाले तेव्हा यजमान म्हणाले, "जन्मभर मुलांना निबंध लिहायला लावलेस, आता स्वतः लिही की!" त्या थट्टेतून रविवारची वही सुरू झाली. सकाळी बसने धारवाडला जायचे, साधनकेरीच्या तळ्याकाठी बसायचे आणि एक पान लिहून परतायचे. एकच पान, सुचले तरी दुसरे नाही, न सुचले तरी पहिले सुटायचे नाही. संध्याकाळी यजमान ते पान चष्मा लावून वाचत आणि पेन्सिलीने ऱ्हस्व-दीर्घ सुधारून, एक शब्दही न बोलता, वही परत देत. 'छान' असे त्यांनी कधी म्हटल्याचे मला स्मरत नाही. पण पेन्सिलीची खूण कमी असली की मी मनातून सुखावत असे.

साधनकेरीच का, असे कोणी विचारील. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे या तळ्याशेजारी राहिले. घरी मराठी बोलणारा हा माणूस कानडीचा वरकवी झाला, १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्याला मिळाला, आणि मराठीतही त्याने लिहिले. साधनकेरीला या, असे बोलावणारी त्यांची कविता इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. आज घराजवळ त्यांचे स्मारक आहे. मला मात्र स्मारकापेक्षा त्यांचे आकड्यांचे वेड अधिक जवळचे वाटते. उतारवयात ते अंकांच्या गणितात बुडून गेले होते. कविता ऐकायला गेलेल्यांना आकडेच ऐकून यावे लागे. लोकांना तो एक चक्रमपणा वाटला. मला वाटते, रोज काहीतरी मांडून पाहिल्यावाचून त्यांचा जीव राहत नसावा. आमच्या घरात जे काम पत्त्यांच्या पेशन्सने होई, तेच.

पत्त्यांवरून जी. ए. कुलकर्णी आठवतात. मराठी कथेचा हा मोठा कारागीर तीसएक वर्षे धारवाडला, कानडी मुलांना इंग्रजी शिकवत राहिला. 'काजळमाया' १९७२ ची. तिला मिळालेला साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांनी परत केला. सभा नको, सत्कार नको, डोळ्यांवर काळा चष्मा. पण संध्याकाळी क्लबात पत्ते मात्र हवेत, आणि घरी आपल्यापुरती चित्रे रंगवायची. पुण्या-मुंबईच्या वाचकांना या माणसाचे गूढ वाटे. धारवाडकरांना वाटत नसावे. आपल्या वेळी आपल्या वाटेने जाणाऱ्या माणसाला हटकू नये, एवढा रिवाज त्या गावात अजून आहे. हुबळीत असते तर दहा जणांनी थांबवून चहा पाजला असता आणि 'काजळमाया' राहून गेली असती!

आमच्या हुबळीची बाजू घ्यायची तर गंगूबाई हनगलांची घ्यावी. सवाई गंधर्वांकडे शिकण्यासाठी त्या हुबळीहून कुंदगोळला आगगाडीने जात आणि रात्री परतत. घरी लेकरे, संसाराची ओढाताण. आणि एकच पलटा दिवसच्या दिवस घोटायचा. मैफिली पुष्कळांनी ऐकल्या, त्यांवर लिहिलेही गेले. परंतु मला दिसते ते कुंदगोळच्या फलाटावर, कंदिलाच्या उजेडात, गाडीची वाट पाहणे. आता हुबळीचा फलाट दीड किलोमीटर लांब आहे. जगात सर्वांत लांब म्हणून २०२३ साली त्याचे उद्घाटन झाले. आम्हांला त्याचा अभिमान आहेच. फक्त गुडघे दुखणाऱ्यांना डबा कुठे येणार ते आधी सांगावे.

परतताना लाइन बाजारातून पाव किलो पेढे घ्यायचे, हाही नेमाचाच भाग. उन्नावहून प्लेगच्या साथीमुळे इकडे आलेल्या ठाकूर घराण्याने रुजवलेला हा पेढा. २००७ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. यजमानांना तो ताजा आवडत नसे. दोन दिवसांनी, कडेने कोरडा झालेला हवा असे.

गेल्या मार्गशीर्षात ते गेले. नंतरचे सोळा रविवार मी धारवाडला गेले नाही. सुचत नव्हते असे नाही. उलट पानेच्या पाने भरतील इतके मनात होते. पण संध्याकाळी वही कोणाच्या हाती द्यायची? नातीची शाळा इंग्रजी. मराठी बोलते ती गोड, कानडी हेल काढून. देवनागरी वाचते ती हिंदीमुळे, बोट ठेवून. माझ्या पश्चात या वह्या रद्दीत जातील, हे मी समजून चुकले होते आणि त्याबद्दल कोणावर रागही नव्हता.

सतराव्या रविवारी नातच म्हणाली, "आजी, तुझ्या तळ्यावर मला ने की." चिगरी बसमध्ये तिने खिडकी पटकावली. चिगरी म्हणजे कानडीत हरिण, हे मी तिला सांगण्याऐवजी तिनेच मला सांगितले. तळ्याकाठी ती खडे टाकीत बसली आणि मी पान लिहिले. हात जरा कापत होता. परतीच्या बसमध्ये तिने वही ओढून घेतली, अक्षर लावत लावत नवलूरपर्यंत आली आणि थांबली.

"आजी, इथे 'पाऊस' दोनदा लिहिलंस. आणि हा 'ऊ' चुकलाय का ग?"

मी पाहिले. चुकला होता. खोडायला पेन्सिल हवी होती. माझ्या पिशवीत नव्हती. तिच्याजवळ होती.