रिक जोन्सची जागरणं

फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुनी इंग्रजी कॉमिक्स मिळायची. शाळेत असताना त्यात मी फक्त हल्क बघायचो. त्याच्यासोबत फिरणारा रिक जोन्स नावाचा पोरगा मला अडगळ वाटायचा.

स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांचा हल्कचा पहिला अंक मे 1962 चा. गॅमा बॉम्बच्या चाचणीची वेळ भरत आलेली, आणि पैजेपायी हा अनाथ पोरगा मैदानात गाडी घालून निवांत माउथ ऑर्गन वाजवत बसलेला. शास्त्रज्ञ ब्रूस बॅनर धावत येऊन त्याला खंदकात ढकलतो आणि स्वतः उघड्यावर सापडतो. हल्क जन्माला आला तो रिकला वाचवताना.

रिक नंतर पळून जात नाही, हे लक्षात यायला मला कॉलेज उजाडलं. तिसऱ्या अंकात हल्क त्याच्या हुकमात येतो, पण रिकचा डोळा लागला की ताबा सुटतो. अंगात कसलीच शक्ती नसलेल्या पोराने जागं राहायचं, एवढंच त्याच्या हातात.

दादाच्या आजारपणात हे पान मला फार आठवायचं. रात्री त्याला भ्रम व्हायचा, मला ओळखायचा नाही, सलाईनची सुई उपटायला जायचा. मी त्याच्या मनगटावर हात ठेवून बसायचो. हात जरा सैल पडला की त्याची बोटं सुईकडे वळायची.

1963 मध्ये हल्कवर आळ आला, तेव्हा रिक आणि त्याच्या रेडिओवेड्या मित्रांनी मदतीचा संदेश पाठवला. खलनायक लोकीने तो भलतीकडे वळवला आणि थॉर, आयर्न मॅन, अँट-मॅन, वास्प एकत्र आले. ॲव्हेंजर्सची सुरुवात ही अशी. 2012 च्या चित्रपटात मात्र रिक नाहीच; माणसं जमवायचं काम एका सरकारी यंत्रणेकडे दिलंय. चित्रपट मला आवडतो, पण ही गोष्ट अजूनही खटकते. हाक कुणी मारली, याला महत्त्व आहे. दादाला रक्त लागणार म्हटल्यावर वहिनीने वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून डायरीतला एकेक नंबर फिरवला होता. सकाळी रक्तपेढीच्या दारात सोसायटीतली माणसं उभी होती, त्यांत दादाशी वर्षानुवर्षं अबोला धरलेले शेजारीही होते.