हिंजवडीतला व्हॅम्पायर

आम्ही चौघं दर शनिवारी रात्री 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो. मी 'व्हॅम्पायर: द मास्करेड'चा विषय काढला तर तिघांनीही नाकं मुरडली. एक मित्र म्हणाला, "आठवडाभर हिंजवडीत सडायचं आणि शनिवारी गेममध्येही हिंजवडीच? मला माझी तलवार बरी." मग मी १९९१ पासूनचा गेमचा इतिहास, व्हॅम्पायरांची कुळं, त्यांची भांडणं असं अर्धा तास ऐकवलं. (कोणाला काही पटवायचं असेल तर हे करू नये.)

शेवटी म्हटलं, एकच रात्र खेळा. नियम मी सांभाळतो, तुम्ही फक्त भुकेले आहात. २०१८च्या पाचव्या आवृत्तीत भूक वाढत जाते तसे तुमच्या हातातले साधे फासे जाऊन भुकेचे फासे येतात, आणि ते भलत्याच वेळी दगा देतात.

तलवारवाल्याच्या व्हॅम्पायरला मी सोलापूरहून आईचा फोन आणला. "घरी कधी येतोस रे?" उन्हात पाऊल टाकलं तर जळून जाणारा मुलगा काय सांगणार?

"पुढच्या महिन्यात बघतो," तो लगेच म्हणाला. हेच वाक्य मी ऑफिसच्या कँटीनमध्ये त्याच्या तोंडून कितीदा ऐकलंय. त्यालाही ते कळलं असावं. बराच वेळ तो नुसते फासे खुळखुळवत बसला.

दीड वाजता चपला घालताना म्हणाला, "पुढच्या शनिवारी परत येईल ना तिचा फोन?"