मारुंजीच्या अंगणातला हौज

वाकडला उतरून रिक्षा केली की हिंजवडीचा लक्ष्मी चौक लागतो. तिथून मारुंजीचा रस्ता फुटतो. गेल्या मे महिन्यात उन्हाळी सुट्टीत मी या रस्त्याने आले, तेव्हा रिक्षापुढे पाण्याचा टँकर होता आणि मागेही टँकरच होता. पुढच्याच्या मागच्या नळातून पाण्याची धार रस्त्यावर गळत होती. रिक्षावाला म्हणाला, "ताई, इथे नदी रस्त्यावरूनच वाहते." त्याचं बोलणं गमतीचं होतं, पण खोटं नव्हतं. मारुंजीच्या एका अंगाला मुळा, दुसऱ्या अंगाला पवना आणि पश्चिमेला कासारसाईचं धरण. तरीही उन्हाळ्यात इथल्या सोसायट्यांच्या गेटवर टँकर उभे. आयटी पार्क आलं, पाठोपाठ उंच इमारती आल्या, माणसं आली; पाण्याची पाइपलाइन मात्र त्या वेगाने आली नाही. आणि खाली सगळा काळा पाषाण. बोअर घ्यायची म्हणजे नशिबाची परीक्षा. एकाला दीडशे फुटांवर पाणी लागतं, शेजारच्याला चारशे फुटांवरही नुसती धूळ.

माझा भाऊ इथे दोन गुंठ्यांवर छोटंसं घर बांधून राहतो. अम्मीच्या इंतकालनंतर अब्बांना त्याने औरंगाबादहून (आता छत्रपती संभाजीनगर म्हणायचं) इकडे आणलं. अब्बांनी पस्तीस वर्षं नळजोडणीचं काम केलं. अशा माणसाला खोलीत टीव्हीसमोर बसवलं तर तो आतल्या आत सुकतो. मी गेले तेव्हा ते अंगणात काठीने जमिनीवर चौकोन आखत होते. दहा फूट बाय दहा फूट.

"हौज बांधायचाय," ते म्हणाले. "मध्ये कारंजं. बाजूला ओटा. असरनंतर बसायला."

भाभी दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "आपा, आठवड्याला टँकर घेतोय आपण. पिण्याचं पाणी मोजून वापरतोय. आणि यांना कारंजं हवंय."

दोघांचंही बरोबर होतं. अडचण तीच होती.

अब्बांच्या मनात कुठला हौज होता, हे मला ठाऊक होतं. त्यांचं लहानपण पाणचक्कीच्या आसपास गेलं. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याला लागून असलेला तो मोठा हौज, काठावरचा वड आणि भिंतीवरून खाली कोसळणारी पाण्याची चादर ज्याने पाहिली, त्याला दुसरं कारंजं सहसा आवडत नाही. तिथली खरी गंमत दिसते त्यापेक्षा लपलेली आहे. हर्सूलच्या बाजूच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून काही किलोमीटर चालत येतं आणि एका उंच बांधीव खांबात आपोआप वर चढतं. पंप नाही, इंजिन नाही. उगम उंचावर आहे, म्हणून पाणी जवळजवळ तेवढीच उंची पुन्हा गाठू पाहतं. त्या पडणाऱ्या पाण्यावर जातं फिरायचं आणि फकिरांसाठी, मुसाफिरांसाठी पीठ दळलं जायचं. त्या हौजाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत. वर पाणी, खाली बसणारी माणसं. भर उन्हाळ्यात ते दालन थंड. या शहराला नहरीचं वळण त्याच्याही आधी मलिक अंबरने लावलं होतं, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला. पुण्यातही 1749च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातलं पाणी भुयारी नळांतून शहरातल्या हौदांपर्यंत आणलं, तेही नुसत्या उतारावर. म्हणजे त्या हौजांचं पाणी शोभेचं होतंच, पण त्याआधी ते कामाचं होतं. वुजूचं, पिण्याचं, दळणाचं.

हे मी भाभीला सांगितलं. ती म्हणाली, "मग तुमच्या हौजालाही काम द्या."

भाभी विज्ञान शिकलेली आहे. दुसऱ्या दिवशी तिने दोन घमेली पाण्याने भरून ठेवली, एक उन्हात आणि एक भिंतीच्या सावलीत. दोन्हींत मुलाची शाळेची पट्टी उभी केली. चोवीस तासांत उन्हातल्या घमेल्यातलं पाणी सुमारे एक सेंटिमीटर खाली गेलं, सावलीतलं निम्म्याहून थोडं अधिक. घमेलं लवकर तापतं, त्यामुळे आकडा थोडा फुगलेला असेल, पण अंदाज यायला तेवढा पुरे. तिने कागदावर हिशोब मांडला. दहा बाय दहाचा हौज उन्हात असेल तर रोज नव्वद लिटरच्या वर पाणी नुसतं हवेत जाणार. सहा बाय चारचा सावलीत असेल तर तेरा-चौदा लिटर. म्हणजे एक बादली.

अब्बांनी कागद बराच वेळ पाहिला. मग उठून काठीने नवा चौकोन आखला. सहा बाय चार, पूर्वेच्या भिंतीजवळून सरकवून पश्चिमेच्या भिंतीला लागून, म्हणजे दुपारनंतर भिंतीची सावली मिळावी.

रोजची ती एक बादली कुठून आणायची, तेही भाभीनेच शोधलं. स्वयंपाकघरातलं पाणी शुद्ध करायचं मशीन एक लिटर पिण्याचं पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतं. पाच माणसांच्या घरात दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी मोरीत जात होतं. त्याची पातळ नळी आता खिडकीतून हौजापर्यंत नेली आहे. हे पाणी घाण नसतं, फक्त क्षारांचं प्रमाण जास्त असतं. हौजातलं पाणी उडत जातं आणि क्षार मागे राहतात, म्हणून महिन्यातून एकदा आठ-दहा बादल्या काढून अंगण आणि गाडी धुवायची. तेवढं पथ्य पाळावं लागतं.

आता बांधकामाचं थोडं सांगते, कारण पुष्कळांना विचारायचं असतं. खड्डा फक्त एक फूट खोल खणला. मुरूम कडक होता, दोन दिवस गेले. वर एक फूट विटांचा कठडा उचलला. एक म्हणजे त्यावर बसता येतं. दुसरं म्हणजे घरात दोन वर्षांचा मुलगा आहे. लहान मुलाला बुडायला वीतभर पाणीही पुरतं. म्हणून पाण्याच्या पातळीखाली बोटभर अंतरावर लोखंडी जाळी बसवली, मोठ्या माणसाचा भार पेलेल एवढी. ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी आधी जाळी करावी, मग पाणी भरावं. तळाला दगडांचं सोलिंग, त्यावर काँक्रीट, आतून वॉटरप्रूफ पावडर घातलेला गिलावा, आणि कोपरे काटकोनात न ठेवता गोलवा दिलेले. कोपऱ्यालाच पहिली चीर जाते, असं अब्बा म्हणतात. उतार एका बाजूला आणि तिथे निचऱ्याची तोटी. पाण्याची पातळी कठड्याच्या सहा इंच खाली. हिशोबाने हजार लिटर. सगळं अब्बांनी स्वतः केलं, मदतीला एक गवंडी तीन दिवस.

वुजूचा प्रश्न निघाला तेव्हा घरात छान चर्चा रंगली. आम्ही हनफी, भाभी रत्नागिरीकडची, म्हणजे शाफई. हनफी मसल्याप्रमाणे मोठ्या हौजाचं माप दह-दर-दह, दहा हात बाय दहा हात. आमचा हौज त्याच्या आसपासही नाही. शाफईंच्या कुल्लतैनचा हिशोब साधारण दोनशे लिटरच्या आसपास, त्यात आमचा आरामात बसतो. अब्बांनी वाद न घालता तोडगा काढला. हौजात कुणी हात-पाय घालायचे नाहीत. कठड्याला बाहेरच्या अंगाने एक तोटी, तिच्याखाली बसायला शहाबादी फरशीचा दगड आणि वापरलेलं पाणी वेगळ्या नालीतून बागेत. ज्यांना बारकाईने विचारायचं असेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारावं, आमच्या घरात मात्र असं जमलं. साबण नसलेलं ते पाणी अळू, पुदिना आणि एक मेहंदीचं झाड पिऊन टाकतं.

वाहत्या नदीच्या काठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. मी एकदा बेसिनचा नळ चालू ठेवून वुजू केला आणि खाली बादली ठेवली. सहा लिटर भरले. अब्बांच्या तोटीला त्यांनी मुद्दाम बारीक छिद्राची जाळी लावली आहे. तिथे दीड लिटरात होतं. रसूलुल्लाह (स.) यांचा वुजू एका मुद्दमध्ये, म्हणजे जेमतेम लिटरभर पाण्यात व्हायचा, तिथे आम्ही अजून पोचलो नाही.

हौज भरला तो मात्र टँकरने नाही. जूनचा पहिला पाऊस गच्चीवरची धूळ घेऊन गेला, तो सोडून दिला. आठशे चौरस फुटांच्या गच्चीवर दीड सेंटिमीटर पाऊस पडला की हजार लिटर जमतात. दुसऱ्याच जोरदार सरीत हौज काठोकाठ आला आणि वरचं पाणी बोअरच्या शोषखड्ड्यात वाहू लागलं. भावाने व्हिडिओ पाठवला. अब्बा छत्री न घेता उभे होते.

आणि तिथे चूक झाली. उत्साहात त्यांनी चौथ्या दिवशी गप्पी मासे सोडले. उभ्या पाण्यात डास होणार, डेंग्यूची भीती, म्हणून मासे हवेतच. आरोग्य खात्याचे लोकही हिवताप रोखायला हेच मासे पाणवठ्यांत सोडतात. पण सकाळी सगळे मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो, पाणी इतकं अल्कधर्मी होतं की मासे टिकत नाहीत. पस्तीस वर्षं टाक्या जोडणाऱ्या माणसाला हे माहीत नव्हतं, याचं त्यांना फार वाईट वाटलं. दोन दिवस ते अंगणात आले नाहीत. मग पावसाळाभर त्यांनी हौज चार वेळा भरू दिला आणि चार वेळा सोडला. आभाळ भरतंय, आपण रिकामा करतोय, एवढंच. दिवाळीच्या सुट्टीत मी गेले तेव्हा नवे मासे पोहत होते, आणि पिल्लंही झाली होती. सोबत एक कुमुदिनीचा कंद. जलपर्णी मात्र कुणी दिली तरी घेऊ नका. पवनेचं आणि मुळेचं तिने काय केलंय ते पुलावरून दिसतं.

कारंजं राहिलंच. बाजारात कूलरची मोटर स्वस्त मिळते, पण ती घरच्या विजेवर चालते आणि जिथे ओल्या हाताने माणूस वुजूला बसतो तिथे ती पाण्यात ठेवणं मला पटेना. भावाने बारा व्होल्टची लहान मोटर आणली, तिचा अडॅप्टर घरात, भिंतीच्या आत. विजेच्या बोर्डात गळती झाली की प्रवाह तोडणारा स्विचही बसवला. कारंजं म्हणजे काय, जेमतेम वीतभर उंच धार. पाणचक्कीच्या चादरीपुढे ती काहीच नाही. पण असर ते मगरिब ती चालते तेव्हा अब्बा ओट्यावर बसतात आणि समोरच्या इमारतीवरच्या क्रेनचा आवाज थोडा मागे सरकतो. त्यांना विचारलं, पाणचक्कीची आठवण येते का? म्हणाले, "येते. पण तिथे मी पाहुणा होतो."

या मे महिन्यात पुन्हा गेले. टँकर होतेच. हौजाची पातळी तीन बोटं खाली, कठड्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीच्या खुणा आणि प्रत्येक खुणेसमोर तारीख. शेजारच्या काकू, त्यांचं मूळ घर मारुंजी गावठाणातलं, रिकामी बाटली घेऊन आल्या होत्या. त्यांच्या गच्चीवरच्या सिमेंटच्या टाकीत अळ्या झाल्या होत्या. अब्बांनी बाटलीत मासे भरून देताना विचारलं, "टाकी नवी की जुनी?" काकू म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यांच्या वेळची." मग त्यांनी दिले.

निघताना मलाही एक बाटली मिळाली. वाकडला बसमध्ये चढले तर कंडक्टरने विचारलं, "बाटलीत काय हाय?" मी सांगितलं. तो वाकून पाहत म्हणाला, "तिकीट लागत नाही यांचं. पण झाकण सैल करा, गुदमरतील."