तिसरा रकाना

धाकटा भाऊ घर सोडून गेला त्याला चार वर्षं झाली. वडिलांशी जमिनीवरून वाजलं, त्यानं बॅग उचलली आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचा नंबर लागेना. आमचं घर नगरकडचं, पिढीजात ख्रिस्ती. रविवारची उपासना मी कधी चुकवली नाही. पण प्रार्थनेला उत्तर येत नसेल तेव्हा काय करायचं, हे मला ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं मंडळीत बसून हा प्रश्न मी कुणाला विचारलाही नव्हता.

मी पतसंस्थेत हिशेब लिहिते. म्हणून एक वही घातली, तीन रकान्यांची: तारीख, विनंती, उत्तर. आईची शुगर, भाचीची दहावी, दोन्हींपुढे बरोबरच्या खुणा झाल्या. भावाच्या नावापुढची जागा पानामागून पान कोरीच राहिली. सहा महिन्यांनी वही चाळताना लक्षात आलं, मी प्रार्थना करत नव्हते, देवाकडची थकबाकी काढत होते.

मग शुक्रवारचे उपास धरले. मग बायबलातल्या गिदोनाची गोष्ट आठवली. त्यानं लोकर खळ्यात ठेवून देवाकडे खूण मागितली होती. मीही मागितली: रात्री नऊच्या आत फोन वाजला तर भाऊ सुखरूप आहे असं समजेन. पावणेनऊला फोन वाजला. कुणाला तरी शिर्डीला जायला गाडी हवी होती, नंबर चुकला होता. खूण तर मिळाली होती, पण तिचा अर्थ काय लावायचा? ओट्याशी जमिनीवर बसून मी खूप वेळ रडले.

शेवटी पाळकसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, "ताई, तेरावं स्तोत्र वाचा. मोठ्यानं वाचा." सहाच वचनांचं स्तोत्र. पहिल्या दोन वचनांत दावीद देवाला चार वेळा विचारतो, कुठवर? मला ते तोंडातून काढवेना. प्रार्थनेची सुरुवात उपकारस्तुतीनं करायची, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. दुसऱ्या वचनाशीच थांबले. "पवित्र शास्त्रात बसतं ते तुमच्या तोंडी का बसू नये?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घरी पुन्हा वाचलं तेव्हा वेगळंच कोडं पडलं. पाचव्या वचनात दावीद भरवसा बोलून दाखवतो. पण चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये काही घडतच नाही! शत्रू हटला, उत्तर आलं, असा शब्दही नाही. वचन निसटलं की काय म्हणून मी बोट ठेवून पुन्हा मोजली. सहाच होती.

भरवसा कशावर, ते पाळकसाहेबांनी दाखवलं. मूळ हिब्रू शब्द 'हेसेद'. आपण 'दया' वाचतो, पण त्यात दिलेला शब्द न सोडणं येतं. रूथ सासूला धरून राहिली, तिच्या वागण्यालाही हाच शब्द आहे. मी वहीत लिहिलं, 'चिवट माया'. शब्द बरा नाही, पण मला तोच कळतो. निर्गमच्या चौतिसाव्या अध्यायात देव मोशेला स्वतःची ओळख सांगतो, तिथंही हेसेद आहे. आणि तो 'मंदक्रोध' आहे, म्हणजे मुळात शब्दशः 'लांब नाकाचा'. आपल्याकडेही राग नाकाच्या शेंड्यावरच असतो. देवाचा तिथं पोचायला फार वेळ लागतो. आणि ही ओळख देव कधी सांगतो? लोकांनी सोन्याचं वासरू केल्यावर, मोशेनं दगडी पाट्या फोडल्यावर. सगळं मोडलेलं असताना. हा अध्याय मी कितीदा वाचला होता, पण देव कसा आहे हे शोधायला कधीच नाही. मी फक्त तो काय देतो ते बघत आले होते.

त्या उत्साहात अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र उघडलं आणि गप्प झाले. तिथं तेराव्यातल्या पाचव्या वचनासारखं वळण नाही. मुळात शेवटचा शब्दच अंधार. तरी ते कुणी शास्त्रातून काढून टाकलं नाही. ज्या दिवशी भरवशाचं वचन घशाखाली उतरत नाही, त्या दिवशी मी हे वाचते.

मंडळीतल्या एका वृद्ध मावशींना हे सगळं सांगितलं, तर त्यांनी पंडिता रमाबाईंची आठवण काढली. केडगावला त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणायला घेतलं. काम चालू असताना १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाईंनी भाषांतर सोडलं नाही. ते पुरं करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. तेरावं स्तोत्र त्यांच्याही हाताखालून गेलं असणार. मावशींनी पुढे समजावलं काही नाही. माझा हात धरला आणि भावाचं नाव घेऊन प्रार्थना केली.

वही अजून आहे. तिसरा रकाना आखणं सोडलं. फोन आलेला नाही. आज सकाळीही मी 'कुठवर' असं विचारलं, चारही वेळा, मोठ्यानं.