लोढणं

ओढाळ ढोराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका बांधतात. तो पुढच्या दोन पायांमध्ये लोंबतो. ढोर चरतं, ओढ्यावर पाणी पितं, कळपाबरोबर घरीही येतं. धावायला गेलं की मात्र ओंडका गुडघ्यांवर आदळतो. ते लोढणं. इंग्रजीतल्या ‘इम्पीड’ या क्रियापदाच्या पोटातही पायच आहे, लॅटिनमधला ‘पेस’. पाय जखडणे हा त्याचा मूळ अर्थ. रोमन सैन्याच्या सामानसुमानाला ‘इम्पेडिमेंटा’ म्हणत, कारण ओझं वाहायचं तर चाल मंदावणारच. रस्ता साफ बंद झाला तर हा शब्द सहसा येत नाही. वाटचाल चालू असावी आणि ती रखडावी, तिथे तो नेमका बसतो.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात तो खामगाव–जालना रेल्वेला बसतो. कापसासाठी जलंबहून खामगावपर्यंत आठ मैलांचा फाटा १८७० मध्ये सुरू झाला. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्यासाठी खामगावला आले होते. तिकडे जालन्यात निजामाच्या मुलखातली मनमाडकडची गाडी १९०० मध्ये पोचली. म्हणजे सव्वाशे वर्षं दोन्ही टोकं तयार आहेत आणि मधले सुमारे १६२ किलोमीटर तसेच. याच पट्ट्यात चिखली आहे, देऊळगाव राजा आहे, जवळच जिजाऊंचं सिंदखेड राजा. जिल्ह्याच्या ठिकाणीही रूळ नाहीत. मलकापूरला उतरायचं आणि राजूर घाट चढून बुलढाणा गाठायचं.

या मार्गाला कुणी ठाम नकार दिला नाही, हे मला फार लागतं. नकाराशी माणूस भांडू तरी शकतो. इथे इंग्रजांच्या काळी मोजणी झाली, स्वातंत्र्यानंतर पुन्हा झाली. निवेदनं गेली, आंदोलनं झाली, राज्य सरकारने निम्मा खर्च उचलायची तयारीही दाखवली. दर वेळी काहीतरी हललं, म्हणून आशा सुटली नाही. आशेवर ठेवलेल्या माणसांच्या पिढ्या गेल्या. सरकारी पत्रव्यवहारात ‘एक्स्पिडाइट’ हा शब्द नेहमीचा. तोही त्याच पायातून निघालेला, ‘इम्पीड’चा सख्खा भाऊ: जखडलेला पाय सोडवणे. माझ्या जिल्ह्याच्या वाट्याला ‘इम्पीड’च आला.

ऑगस्ट २०२४ मध्ये जालना–जळगाव या १७४ किलोमीटरच्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. अजिंठ्याला गाडी जाणार याचा मनापासून आनंद आहे. शेजाऱ्याचं भलं झालेलं आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना सलत नाही. पण चिखलीचं सोयाबीन अजून ट्रकनेच निघतं. पुण्याला शिकणारी पोरं दिवाळीत दुप्पट भाडं मोजून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने घरी येतात. खामगावचा फाटा पुढे न्यायला आता आणखी एका सर्वेक्षणाची गरज नाही. मंजुरी द्या, पैसा द्या आणि भूसंपादन सुरू करा.